डॉक्टरीच्या दारात पदवीचे मोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी भवानी पेठेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिन म्हटला की हळदीकुंकू, पानसुपारी, मुलींची गाणी आणि शेवटी फराळ, असा आपला ठरलेला कार्यक्रम. त्यात मध्येच एका निवृत्त मास्तरणीला उभे करून अर्धा तास बोलू द्यायचे, हे चिटणीसबाईंचे धाडसच म्हटले पाहिजे. फराळाचा वास मलाही येतो आहे. तेव्हा लांबण लावणार नाही.

मी एकतीस वर्षे ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवले. बेडकाचे हृदय आणि जास्वंदीचे फूल यांपलीकडे माझे ज्ञान फारसे जाते असे नाही. परंतु नोकरी संपली तरी लोकांच्या मनातून मास्तरकी जात नाही. बारावीचा निकाल लागला की माझ्या ओट्यावर माणसे येऊ लागतात. पूर्वी येत ती बारावीच्या गुणपत्रिका घेऊन. गेल्या तीन-चार वर्षांत एक निराळाच प्रश्न येऊ लागला आहे, आणि तो बहुधा आईच विचारते: "बाई, आमची पोरगी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. एम.एस्सी.चं एक वर्ष पण झालं. एवढं शिकली, आता तरी तिला डॉक्टरीला घेतील की नाही ओ?"

हा प्रश्न साधा नाही. त्यामागे एका घराची पाच वर्षे असतात. आपल्या पूर्व भागात बाप मागावर आणि आई विड्या वळते, अशी घरे मी कितीतरी पाहिली. त्या घरात मुलगी बी.एस्सी. होणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून उत्तर गोलमाल न देता पहिल्यांदाच सांगून टाकते, आणि मग ते तसे का आहे ते सांगते.

उत्तर असे की, आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या दारात बी.एस्सी.च्या गुणांना किंमत नाही. अर्धी नाही, पाव नाही, शून्य. एम.एस्सी.च्या गुणांनाही नाही. मुलगी विद्यापीठात पहिली आलेली असो की कशीबशी पास झालेली असो, तिला बारावीच्या मुलींच्या रांगेतच उभे राहावे लागते आणि त्यांच्याच पेपरला बसावे लागते. तो पेपर म्हणजे नीट. तिथले गुण हेच गुण.

हे ऐकून एक आई मला म्हणाली, "मग चार वर्षं वाया गेली म्हणायची!" वाया गेली असे मी म्हणणार नाही, का, ते पुढे सांगेन. पण ती ज्या तराजूत टाकायची म्हणून जपून ठेवली होती, त्या तराजूत ती मोजली जात नाहीत, हे खरे.

आता हा तराजू कोणी आणि केव्हा ठरवला?

आपल्याकडे आधुनिक वैद्यकाचे शिक्षण सुरू होऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. या सगळ्या काळात "कोणती परीक्षा पास झालेल्याला आत घ्यायचे" हा वाद कधी थांबलेला नाही. एके काळी डॉक्टर दोन जातींचे असत. मॅट्रिकनंतर मेडिकल स्कूलात जाऊन लायसेन्शिएट होणारे, म्हणजे एल.सी.पी.एस. वगैरे, आणि कॉलेजची दोन वर्षे करून मग एम.बी.बी.एस. होणारे. गावोगावच्या जुन्या पाट्यांवर आपल्या आजोबांनी ही अक्षरे वाचलेली आहेत. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला आणि डॉक्टर एकाच प्रकारचा असावा असे सांगितले. त्यानंतर लायसेन्शिएटचा रस्ता बंद होत गेला आणि इंटर सायन्स हा एकच दरवाजा उरला.

इंटर सायन्सचा "बी ग्रुप" हा शब्द आमच्या पिढीच्या बायकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून खूप ऐकला. गणित घेतले की इंजिनियर, जीवशास्त्र घेतले की डॉक्टर. त्या एका वर्षाच्या गुणांवर सारे ठरे. सोलापूरच्या मुलाला तेव्हा पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, हे मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३८ साली चीनला गेले, ते तिथेच १९४२ साली वारले. गावात मेडिकल कॉलेज आले ते १९६३ साली, डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ. त्यानंतर कुठे सोलापूरच्या मुलीला घरून डबा घेऊन डॉक्टरी शिकण्याची सोय झाली. वसतिगृहाच्या नावानेच ज्या घरात "नको" म्हणत, तिथे या कॉलेजाने केवढा फरक पाडला असेल!

१९७५ नंतर दहावी-बारावीची नवी पद्धत आली आणि इंटरची जागा बारावीने घेतली. पुढे कितीतरी वर्षे बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण यांवर यादी लागे. ती वर्षे मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिली. आज पुष्कळ लोक म्हणतात की ते दिवस चांगले होते. वर्षभराच्या अभ्यासाला मान होता. मान होता हे खरे. पण एका गुणाने मुलगी बाहेर राहते म्हटल्यावर त्या एका गुणासाठी काय काय चाले, तेही मी पाहिले आहे. प्रात्यक्षिकाचे गुण बहुतेकांना भरभरून मिळत, कारण कोणते कॉलेज आपल्या मुलांना कमी देईल? काही केंद्रांवर कॉपीचा बाजार असे. एका विभागीय मंडळाचे पेपर सैल तपासले जातात, दुसऱ्याचे घट्ट, अशी ओरड दरसाल होई. लातूरची मुले बोर्डात भराभर वर येऊ लागली तशी "लातूर पॅटर्न" हा शब्द घरोघर पोहोचला.

आणि त्यावर विभागांच्या भिंती होत्या. सत्तर-तीस नावाचे सूत्र होते: राज्यातल्या सत्तर टक्के जागा ज्या त्या विभागातल्या मुलांना, आणि तीस टक्के साऱ्या राज्याला मिळून. सोलापूर "उर्वरित महाराष्ट्रा"त आणि तुळजापूर मराठवाड्यात. आपण पौर्णिमेला देवीला जातो तेवढेच ते अंतर, पण मुलीने बारावी अलीकडच्या कॉलेजात केली की पलीकडच्या, यावर तिच्या गुणांचे मोल बदलत असे. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून तिकडच्या मुलांना जास्त गुण मिळवूनही जागा मिळत नसे, अशी त्यांची तक्रार होती आणि ती वाजवी होती. हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले.

एकाच बारावीच्या गुणांवर विसंबू नये म्हणून नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस राज्याची सीईटी आली. नीट पहिल्यांदा झाली २०१३ साली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये आपलाच निकाल मागे घेतला. त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मुलांचे जे हाल झाले ते विचारू नका. सीईटीची तयारी केलेल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर नीटचे नाव ऐकावे लागले. मग सरकारने वटहुकूम काढून राज्यांना एक वर्षाची सवलत दिली. २०१७ पासून नीटशिवाय दार उघडत नाही.

आता ही परीक्षा कशी आहे ते सांगते, म्हणजे बी.एस्सी. झालेल्या मुलीला तिथे काय उपयोगी पडते आणि काय पडत नाही हे कळेल. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराचा एक कापला जातो. भौतिक ४५ प्रश्न, रसायन ४५, आणि जीवशास्त्र ९०. म्हणजे अर्धी परीक्षा जीवशास्त्राची. मराठीतूनही पेपर देता येतो. हे ऐकून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी खूश होते. पण अभ्यासक्रम आहे तो अकरावी-बारावीचा. तिथे कोणी तिला पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे विचारत नाही. जे तिने सतराव्या वर्षी वाचले आणि नंतर मागे टाकले, त्याच पुस्तकातली ओळ न् ओळ तिला पुन्हा पाठ करावी लागते, आणि भौतिकशास्त्र तर तिने बहुधा पहिल्या वर्षानंतर सोडूनच दिलेले असते. जास्त शिकलेल्या मुलीला कधी कधी हेच जड जाते. साधा प्रश्न दिसला की ती त्यात खोल जाते, आणि एका मिनिटाचा प्रश्न तीन मिनिटे खातो.

मला विचाराल तर, मोठ्या परीक्षेचा अभ्यास केलेल्या मुलीला धाकट्या परीक्षेला बसवून फक्त धाकटीचेच गुण मोजायचे, हा न्याय मला पुरता पटलेला नाही. पण मी एकदम रागावणारही नाही, कारण दुसऱ्या टोकाचा रस्ताही मी घरातल्या घरात पाहिला आहे.

माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत वाढली. तिथे बारावीनंतर डॉक्टरीला जाता येत नाही. आधी चार वर्षे कॉलेज करून पदवी घ्यायची, मग मेडिकल कॉलेजाला अर्ज. म्हणजे तिथे ज्या गुणांवर पारख होते ते पदवीचेच गुण! आपल्या पेठेतल्या आयांना हे ऐकून स्वर्ग दोन बोटे उरेल. पण थांबा. तिथे पदवीच्या चारही वर्षांतला प्रत्येक विषय मोजला जातो, अगदी पहिल्या सत्रापासून. चारपैकी किती अशी सरासरी काढतात. शास्त्राच्या विषयांची वेगळी आणि सगळ्यांची मिळून वेगळी. शिवाय एमकॅट नावाची प्रवेश-परीक्षा असतेच. तिचे गुण ४७२ ते ५२८ या मापात देतात. शिवाय प्राध्यापकांची पत्रे, दवाखान्यातली सेवा, मुलाखत.

आमची ही भाची पहिल्या वर्षी घरापासून दूर गेली, आजारी पडली, आणि रसायनात घसरली. पुढे तिने सुधारणा केली, तरी सरासरी वर येईना. चार मोठ्या आकड्यांमध्ये एक लहान आकडा टाकून पाहा, तो सगळ्यांना खाली ओढतो. मग तिने विचार केला की आपण वरची पदवी घ्यावी, एम.एस. करावे. दोन वर्षे खपून तिने ती उत्तम गुणांनी घेतली. आणि अर्ज भरताना तिला कळले की बहुसंख्य मेडिकल कॉलेजे ज्या मध्यवर्ती अर्जावरून पाहतात, त्यात पदवीची सरासरी एका रकान्यात आणि वरच्या पदवीची दुसऱ्या रकान्यात लिहितात. दोन्ही मिसळत नाहीत. एम.एस.च्या उत्तम गुणांनी बी.एस.चा डाग पुसला जात नाही. नुसता शेजारी मांडला जातो. पदवीनंतर घेतलेले पण पदवीच्याच पातळीचे काही विषय असतील तर ते मात्र पहिल्या सरासरीत धरतात. ऑस्टिओपॅथी म्हणून तिकडे डॉक्टरीची आणखी एक शाखा आहे. त्यांच्या अर्जात पुन्हा बसून मिळवलेला गुण जुन्या गुणाच्या जागी धरत असत, पण २०१७ पासून तीही सवलत गेली.

मग वरच्या पदवीच्या गुणांना तिथे काहीच किंमत नाही का? आहे. निवड करणारी माणसे तो दुसरा रकाना वाचतात. कोणी म्हणते, मुलगी सावरली, मोठी झाली. कोणी म्हणते, वरच्या वर्गात गुण सैल हाताने देतात, त्यावर भरवसा नको. कॉलेजागणिक मत निराळे. म्हणजे तिथे माणसाच्या साऱ्या प्रवासाकडे पाहतात हे खरे. पण अठराव्या वर्षाची घसरगुंडीही तेवढीच लांब मागे येते. नणंदेने फोनवर मला म्हटले, "वहिनी, तुमच्याकडे बरं आहे. एक पेपर, झालं!" मी म्हटले, "तुमच्याकडे बरं आहे. चार वर्षांचा अभ्यास तरी मोजतात." दोघींनाही पलीकडची ताटली भरलेली दिसत होती.

या फरकातली गंमत अशी. आपली पद्धत मागचे सगळे पुसून टाकते. बारावीला जेमतेम गुण असलेली मुलगीही नीटच्या दिवशी पहिल्या ओळीत येऊ शकते. खुल्या गटातल्या मुलीला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून पन्नास टक्के हवेत, राखीव गटातल्या मुलीला चाळीस, एवढी पायरी ओलांडली की पुढे कोणी ते गुण पाहत नाही. हे पुसणे गरीब घराला कधी वरदान असते. पण मग चांगलेही पुसले जाते. आणि सगळा भार त्या तीन तासांवर येतो. ते तीन तास बिघडले तर? २०२४ साली काय झाले ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असेल: पेपर फुटल्याचे आरोप, पहिल्या निकालात सदुसष्ट जणांना पैकीच्या पैकी गुण, वाढीव गुणांचा घोळ. सर्वोच्च न्यायालयाने जुलैत साऱ्या देशाची परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला, पण त्या दोन महिन्यांत वीस लाखांहून अधिक घरांत कोणाला झोप नव्हती.

तमिळनाडूने २००७ ते २०१६ या काळात नुसत्या बारावीच्या गुणांवरच डॉक्टरीचे प्रवेश दिले, आणि नीट आल्यापासून त्यांचा तिच्याशी झगडा चालू आहे. त्यांचे म्हणणे, ही परीक्षा ज्यांच्याजवळ क्लासचे पैसे आहेत त्यांची आहे. हे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. भवानी पेठेतल्या किती घरांना लाखभर रुपयांचा क्लास झेपतो, हाताची बोटे पुरतील. इंजिनियरिंगला २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनच्या यादीत बारावीला चाळीस टक्के वजन दिले होते. पुढे तेही काढले, कारण प्रत्येक बोर्डाचे गुण एका मापात आणताना घोळ होत होते. मला तरी वाटते की थोडे वजन मागच्या वर्षांना असावे, आणि पदवीधर मुलीच्या बाबतीत तिच्या पदवीला असावे. किती, ते ठरवणारे शहाणे लोक दिल्लीत बसलेले आहेत. पण "काहीच नको" हे मला मान्य नाही.

हीच गोष्ट पुढच्या दारातही आहे, ती थोडक्यात सांगते. डॉक्टर झाल्यावर सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञ व्हायचे, तर पूर्वी एम.बी.बी.एस.च्या विद्यापीठ परीक्षेतल्या गुणांना मोठे महत्त्व असे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या नियमांतही तो एक मार्ग लिहिलेला होता: तिन्ही एम.बी.बी.एस. परीक्षांच्या एकूण कामगिरीवर निवड करता येईल, मात्र त्या एकाच विद्यापीठातून झालेल्या हव्यात. तेवढ्यावरून अडचण कळते. एका विद्यापीठाचे साठ म्हणजे दुसऱ्याचे पंचावन्न की पासष्ट? पुढे तिथेही एकच परीक्षा आली, नीट-पीजी. म्हणजे साडेचार वर्षे वर्गात पहिली आलेली मुलगी आणि प्रत्येक परीक्षेत अडखळलेली मुलगी त्या दिवशी पुन्हा सारख्या. आणि २०२३ साली तर जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची रेघ शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे जो पेपरला बसला तो पात्र! एवढ्या कडक परीक्षेचा हा शेवट पाहून मला आपल्या घरचे दळण आठवले. बारीक चाळणीने चाळायचे आणि शेवटी कोंडाही पिठात घालायचा.

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कुठल्या कॉलेजची पदवी नव्हती. अर्ज केला, आपली परिस्थिती आणि आपला हेतू पत्रात मांडला, आणि तिथल्या मुख्य डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना आत घेतले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आज लाखो अर्ज येतात तिथे पत्रे वाचून निवडणे शक्य नाही, हे मी समजते. पण माणूस पारखण्याची तीही एक रीत होती, हे आपण बायकांनी विसरता कामा नये.

बरे, तक्रार पुरे. आता आपल्या कामाचे.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच पेठेतल्या दोन मुली माझ्याकडे आल्या. दोघींच्याही परवानगीने सांगते, नावे सांगत नाही. दोघी बी.एस्सी., दोघी पहिल्या वर्गातल्या. दोघींना मी हाच हिशेब मांडून दाखवला: एक पूर्ण वर्ष अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे, आणि मागचे गुण विसरायचे. एकीच्या घरी लग्नाचे पाहत होते. तिची आई म्हणाली, "भावाला दोन वेळा रिपीट करू दिलं, हिला एकदा तरी द्यायला हवं." मला त्या माउलीचे फार कौतुक वाटले. आपल्याकडे मुलाचे वर्ष म्हणजे प्रयत्न आणि मुलीचे वर्ष म्हणजे उशीर, असा हिशेब असतो. ती मुलगी बसली. एम.बी.बी.एस. मिळाले नाही, पण त्याच नीटच्या गुणांवर आयुर्वेदाला प्रवेश मिळाला आणि ती शिकते आहे. बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. यांनाही हीच परीक्षा लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरीने आठ दिवस विचार केला आणि नको म्हणाली. तिने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. पुरी केली. तिथे तिच्या बी.एस्सी.च्या एकेका गुणाला किंमत होती. आज ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. त्या कागदावरच डॉक्टर औषध लिहितात. तिच्या वडिलांना अजून वाटते की पोरीने हार मानली. मला तसे वाटत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे.

ज्यांना बसायचेच आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढली; पूर्वी खुल्या गटाला पंचवीस वर्षांची अट होती. म्हणजे बावीस-तेवीसची मुलगीच नव्हे, तिच्याहून मोठीही बसू शकते. बी.एस्सी. झालेली असली तरी बारावीला ते तीन विषय आणि इंग्रजी असावे लागतात. जिने बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते तिला ते जादा विषय म्हणून नंतर घेण्याची मुभा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली. सरकारी कॉलेजात प्रत्येक गटात मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. आणि जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने, ज्या घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना मध्यवर्ती फेरीतून प्रवेश मिळाल्यास शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे. ही फी माफ आहे म्हणून खासगी कॉलेजचा विचारही करता येतो. मात्र मॅनेजमेंटच्या जागेला ती नाही.

आणि एक गोष्ट आपल्या पेठेसाठी मुद्दाम. आपल्याकडची तेलुगू घरे मुलांना अकरावी-बारावीला हैदराबादला पाठवतात. तिथले क्लास चांगले, नातेवाईक तिथे, सगळे खरे. पण राज्याच्या पंचाऐंशी टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, आणि शिवाय अधिवास प्रमाणपत्र. थोड्या सवलती आहेत, त्या सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे. मागवाल्याच्या मुलीला त्या लागू होत नाहीत. बारावी तिकडे केली की ती आपल्या गावच्या कॉलेजाच्या दारात परकी ठरते, आणि उरतात त्या देशभराच्या पंधरा टक्के जागा. गेल्या वर्षी असे एक घर माझ्याकडे निकालानंतर आले. तेव्हा काही करण्यासारखे उरले नव्हते. पाठवायचेच असेल तर क्लासला पाठवा, पण परीक्षेचा फॉर्म कुठून भरला जातो ते आधी पाहा.

जातीची पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला या तीन कागदांना वेळ लागतो. निकाल लागल्यावर तहसीलच्या खिडकीशी रांगा लागतात, आणि फेरीच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. ज्यांच्या मुली आता अकरावीत आहेत त्यांनी हे कागद याच वर्षी करून ठेवावेत. मी गुरुवारी दुपारी तीन ते पाच घरीच असते. गुणपत्रिका, दाखले, जे असेल ते पिशवीत घालून घेऊन या. आपण बसून पाहू. चिटणीसबाई घड्याळाकडे पाहताहेत आणि आत कढई तापली आहे. थांबते.